ठेवीमागचे शास्त्र : म्हैसूर आणि वित्तीय अर्थशास्त्राचे अध्ययन

बँकेची पायरी चढणाऱ्या प्रत्येक ठेवीदाराच्या मनात दोन प्रश्न असतात. ठेवीवर व्याज किती मिळेल, हा पहिला. आणि ठेव सुरक्षित राहील ना, हा दुसरा. पहिला प्रश्न तो मोकळेपणाने विचारतो, दुसरा बहुधा मनातच ठेवतो. वास्तविक हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि त्यांचा एकत्रित, पद्धतशीर विचार करणारी अर्थशास्त्राची एक शाखा आहे. तिला वित्तीय अर्थशास्त्र म्हणतात. पदवीनंतर या विषयाचे स्वतंत्र अभ्यासक्रम आज आपल्या देशात उपलब्ध आहेत. आपल्या मुलाने किंवा मुलीने ही वाट धरावी काय, असा विचार करणाऱ्या पालकांना, तसेच दैनंदिन कामकाजामागील तत्त्व समजून घेऊ इच्छिणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांनाही या शास्त्राची तोंडओळख उपयुक्त ठरावी.

ही ओळख करून घेण्यासाठी म्हैसूरसारखे दुसरे सोयीचे ठिकाण नाही. दसरा, राजवाडा आणि रेशीम यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या संस्थानाने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने एक बँक आणि एक विद्यापीठ उभे केले. दोहोंमागे दृष्टी एकच होती : पैशाचा व्यवहार आणि पैशाचे ज्ञान यांची वाढ बरोबरीने व्हावी.

संकटाच्या वर्षातील पायाभरणी

म्हैसूरचे दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे महाराष्ट्राशी जुने नाते होते. म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकले. पुढे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. खडकवासला धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वपरिचित आहेत. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी त्यांना दिवाणपदी नेमले. पाणी अडवून योग्य जागी वळवावे, हे ज्याने आयुष्यभर केले, त्याच्या दृष्टीस समाजात विखुरलेल्या बचतीचेही महत्त्व पडले, यात नवल नाही. उद्योगांना भांडवल हवे, तर बचत गोळा करणारी संस्था हवी, या विचारातून २ ऑक्टोबर १९१३ रोजी बंगळूर येथे बँक ऑफ म्हैसूरची स्थापना झाली.

मुहूर्त मात्र बिकट होता. स्वदेशीच्या लाटेत १९०६ नंतर देशात अनेक बँका निघाल्या होत्या. उत्साह भरपूर, भागभांडवल तुटपुंजे आणि हाताशी ठेवलेली रोकड त्याहून तुटपुंजी, अशी त्यांतील बऱ्याच बँकांची अवस्था होती. सप्टेंबर १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. दोन महिन्यांतच मुंबईची इंडियन स्पिसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली. १९१३ ते १९१८ या सहा वर्षांत देशातील ९४ बँका बंद पडल्या. त्यांच्याबरोबर किती विधवांची, निवृत्तांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी गेली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

योगायोग असा, की त्याच १९१३ साली जॉन मेनार्ड केन्स या तरुण इंग्रज अर्थतज्ज्ञाचा भारतीय चलन व वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. केन्स भारतात कधी आले नव्हते. लंडनच्या इंडिया ऑफिसमधील नोकरीमुळे या विषयाशी त्यांचा परिचय झाला होता. नव्या भारतीय बँकांकडील रोख राखीव निधी धोकादायकरीत्या अपुरा आहे आणि पहिल्याच वाईट काळात त्या कोसळतील, असा इशारा त्यांनी या ग्रंथात दिला होता. ग्रंथ बाजारात आला त्याच वर्षी इशारा खरा ठरला. ताळेबंदातील आकड्यांचे नाते समजून घेतले, तर येणाऱ्या संकटाची चाहूल आधी लागू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

या वादळात नवजात बँक ऑफ म्हैसूर तगली. संस्थानाचा आधार तिच्या पाठीशी होता आणि तो लोकांना ठाऊक होता, ही बाब निर्णायक ठरली. पुढे १९६० मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची सहयोगी झाली, स्टेट बँक ऑफ म्हैसूर या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली.

बँकेपाठोपाठ २७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. संस्थानी मुलखातील ते पहिले विद्यापीठ. म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बंगळूरचे सेंट्रल कॉलेज हे त्याचे दोन आधारस्तंभ होते. १९६० च्या सुमारास विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आकारास आला. त्याला तत्कालीन कुलगुरू, थोर कन्नड कवी कुवेंपू यांनी ‘मानसगंगोत्री’ असे सुरेख नाव दिले. अर्थशास्त्र आणि सहकार यांचा एकत्र अभ्यास करणारा विभाग, तसेच वाणिज्य व व्यवस्थापन हे विषय याच परिसरात नांदतात.

काळ, जोखीम आणि माहिती

वित्तीय अर्थशास्त्र नेमके काय शिकवते? वाणिज्य शाखेत हिशेब कसा ठेवावा, कायदा काय सांगतो, ताळेबंद कसा वाचावा, हे शिकवले जाते. वित्तीय अर्थशास्त्र त्याच्या एक पाऊल मागे जाऊन ‘असे का’ हा प्रश्न विचारते. व्याज का असते? एकाच दिवशी दोन कर्जदारांना दोन वेगळे दर का लागतात? समभागाची किंमत कशावरून ठरते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना हे शास्त्र तीन गोष्टींभोवती फिरते : काळ, जोखीम आणि माहिती.

प्रथम काळ. आजचा रुपया आणि दहा वर्षांनंतरचा रुपया यांची किंमत सारखी नसते. वार्षिक ७ टक्के चक्रवाढ व्याज गृहीत धरले, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या १ लाख रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ५०,८३५ रुपये भरते. ‘दहा वर्षांत दुप्पट’ ही जाहिरात ऐकून हरखून जाणाऱ्या ग्राहकाला एवढा एक हिशेब ठाऊक असला, तरी त्याचे डोळे उघडतात. कारण दुप्पट होणे म्हणजे ७ टक्क्यांहून किंचित अधिक दर, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यातून महागाई वजा केली, की हाती उरणारा वास्तव व्याजदर कळतो. दर ७ टक्के आणि महागाई ५ टक्के असेल, तर ठेवीदाराची खरी कमाई २ टक्क्यांच्या आसपासच राहते.

दुसरी गोष्ट जोखीम. म्हैसूर परिसरातील शेतकरी थोड्या जमिनीत नाचणी, थोडीत भात आणि थोडीत रेशमासाठी तुती लावतो, तेव्हा तो कोणतेही सूत्र वाचून तसे करत नाही. एक पीक गेले तर दुसरे तारेल, हे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने जाणतो. हाच विचार हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये गणिताच्या भाषेत मांडला. एखाद्या गुंतवणुकीची जोखीम एकटी पाहून चालत नाही, ती इतर गुंतवणुकींबरोबर कशी हलते, हे पाहावे लागते, असा त्यांचा सिद्धांत आहे. तुती आणि भात दोन्ही एकाच पावसावर अवलंबून असतील, तर दोन पिके घेऊनही शेतकऱ्याचे संरक्षण अपुरेच राहील. एकाच उद्योगसमूहाच्या चार कंपन्यांत पैसे गुंतवून निश्चिंत राहणाऱ्या गुंतवणूकदाराची स्थिती याहून वेगळी नसते. या कार्यासाठी मार्कोविट्झ यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

तिसरी गोष्ट माहिती. कर्ज मागणाऱ्यास आपली परिस्थिती जितकी ठाऊक असते, तितकी ती कर्ज देणाऱ्यास कधीच नसते. जॉर्ज अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी माहितीच्या या विषमतेचे परिणाम उलगडून दाखवले. त्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. व्याजदर वाढवत नेल्यास प्रामाणिक व सावध कर्जदार मागे फिरतात आणि बेफिकीर मंडळीच रांगेत उरतात, म्हणून बँक एका मर्यादेपलीकडे दर वाढवण्याऐवजी कर्ज नाकारणे पसंत करते, हे स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. शाखेत कागदपत्रांची मागणी होते, जामीनदार विचारला जातो, तेव्हा ग्राहकास तो जाच वाटतो. त्यामागे ही दरी बुजवण्याचा प्रयत्न असतो. गावातील बचत गटाला मात्र आपल्या सदस्यांची खडान्‌खडा माहिती असते, म्हणून तारण नसतानाही तेथील कर्जाची परतफेड शक्य होते.

मार्गय्याची पेटी

या शास्त्रातील सर्वांत नाजूक प्रकरण म्हणजे ठेवीदारांचा विश्वास. म्हैसूरमध्येच शिकलेले आणि आयुष्याचा मोठा काळ तेथे राहिलेले कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९५२ मध्ये ‘द फिनान्शियल एक्स्पर्ट’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक मार्गय्या सहकारी भूतारण बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि खेडुतांना कर्जाचे अर्ज मिळवून देतो. पुढे तो श्रीमंत होतो आणि भरमसाट व्याजाचे आमिष दाखवून स्वतःच ठेवी स्वीकारू लागतो. एके दिवशी त्याच्याविषयी अफवा पसरते, ठेवीदारांची झुंबड उडते आणि सारा डोलारा कोसळतो.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थांबून एक प्रश्न विचारेल. अफवेने बुडाला तो मार्गय्या आधीच बुडालेला होता काय? डग्लस डायमंड आणि फिलिप डिबव्हिग यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार सुस्थितीतील बँकही केवळ भीतीने कोसळू शकते. ठेवी मागताक्षणी परत द्यायच्या असतात, कर्जे मात्र वर्षानुवर्षांच्या मुदतीची असतात. इतर सारे पैसे काढणार असे प्रत्येकास वाटले, की आपणही आधी जाऊन काढणे त्याला शहाणपणाचे ठरते. अशा बँकेची अडचण तात्पुरत्या रोकडीची असते. उलटपक्षी, नव्या ठेवीतून जुन्याचे व्याज भागवणाऱ्याची मालमत्ताच देण्यापेक्षा कमी असते. ती दिवाळखोरी होय, आणि झुंबडीमुळे ती केवळ उघडी पडते. पहिल्या प्रकारच्या बँकेला मदतीचा हात द्यायचा असतो, तर दुसऱ्या प्रकारच्या व्यवहाराला वेळीच आळा घालायचा असतो. हा फरक ओळखणे, हे नियामकाचे आणि पर्यायाने या विषयाच्या अभ्यासकाचे सर्वांत जोखमीचे काम आहे. डायमंड आणि डिबव्हिग यांना बेन बर्नान्के यांच्यासह २०२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१३ मध्ये भारतात मध्यवर्ती बँक नव्हती. अडचणीतील चांगल्या बँकेला उसनी रोकड देणारा आणि वाईट बँकेला रोखणारा कोणी नव्हता. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली, बँकिंग कंपन्यांच्या नियमनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. तरीही १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक कोसळल्या. त्यातून धडा घेऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. त्या वेळी संरक्षणाची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. १९९३ मध्ये ती १ लाख रुपये झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये करण्यात आली. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील एकत्रित ठेवींना लागू असते, हे ग्राहकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. विम्याचा लाभ केवळ बँक बुडाल्यावरच होतो असे नाही. पैसे सुरक्षित आहेत हे ठाऊक असल्याने लोक झुंबड करत नाहीत आणि त्यामुळे चांगली बँक बुडतच नाही. सिद्धांत व्यवहारास कसा उपयोगी पडतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

म्हैसूरहून मुंबईला

म्हैसूर विद्यापीठाने महाराष्ट्राला दिलेली एक मोठी देणगी म्हणजे प्रा. पी. आर. ब्रह्मानंद. म्हैसूरला अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते मुंबई विद्यापीठात आले आणि तेथील अर्थशास्त्र विभागाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. प्रा. सी. एन. वकील यांच्यासह १९५६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड उद्योगांवरील भराला पर्याय सुचवला. अन्न, वस्त्र अशा श्रमिकांच्या नित्य गरजेच्या वस्तूंचे उत्पादन आधी वाढवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बँकेच्या ग्राहकांशी थेट संबंध येतो तो त्यांच्या १९७४ मधील कार्याचा. त्या वर्षी घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या घरात गेली होती आणि मुदत ठेवींचे दर तिच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हते. बचत करणारा माणूस दरवर्षी गरीब होत होता. वकील आणि ब्रह्मानंद यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना निवेदन दिले. चलनातील जादा पैसा काही काळ रोखे आणि गोठवलेल्या ठेवींत अडकवून ठेवावा, अशी ‘सेमीबॉम्बला’ नावाने गाजलेली योजना त्यात होती. त्याच वर्षी शासनाने वाढीव वेतनाची सर्व आणि वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीने ठेवीत जमा करण्याचा उपाय योजला. त्या काळच्या अनेक नोकरदारांना ही सक्तीची ठेव आठवत असेल. पगारवाढ हाती न पडल्याची नाराजी स्वाभाविक होती. महागाई पुढे ओसरली. तिचे श्रेय कोणत्या उपायास किती द्यावे, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु विद्यापीठाच्या वर्गातील पैशाचा सिद्धांत सामान्य माणसाच्या पगारपत्रकापर्यंत कसा पोहोचतो, हे त्या वर्षी साऱ्या देशाने पाहिले.

विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्यांनी प्रथम गणिताशी मैत्री करावी. कलन, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि आकडेवारीवरून सिद्धांत पारखणारी अर्थमिती, हा या अभ्यासाचा पाया आहे. वाणिज्य पदवीधरांना गणिताची उजळणी करावी लागते, तर अभियांत्रिकी वा विज्ञान शाखेतून येणाऱ्यांना ताळेबंद आणि बँकिंग कायदा नव्याने समजून घ्यावा लागतो. म्हणजे परिश्रम कोणालाच चुकत नाहीत.

महाराष्ट्रात १९३० मध्ये स्थापन झालेली पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, तर दक्षिणेत चेन्नईची मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, या संस्थांनी वित्तीय अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण दिले आहे. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये मुंबईत स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था अर्थशास्त्रातील उच्च शिक्षणासाठी ख्यातनाम आहे. प्रवेशाच्या अटी बदलत असल्याने त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक पाहणे इष्ट. बँकांतील जोखीम व्यवस्थापन व ट्रेझरी विभाग, विमा कंपन्या, पतमापन संस्था, म्युच्युअल फंड आणि रिझर्व्ह बँक व सेबीसारख्या नियामक संस्था येथे या अभ्यासकांना वाव असतो. सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांनाही जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षांच्या निमित्ताने या विषयाच्या अनेक अंगांचा परिचय होतोच.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना १९९७ मध्ये ऑप्शनचे मूल्य ठरवण्याच्या पद्धतीसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ते दोघे ज्या गुंतवणूक फंडाचे भागीदार होते, तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी कोसळण्याच्या बेतात आला आणि मोठ्या बँकांना एकत्र येऊन त्याला सावरावे लागले. सूत्र चुकीचे नव्हते. परंतु बाजारातील माणसे घाबरली, की सूत्रातील गृहीतके टिकत नाहीत आणि उसनवारी अफाट असेल तर चूक सुधारण्यास अवधीही मिळत नाही. म्हणूनच गणिताच्या जोडीने आर्थिक इतिहास वाचणारा विद्यार्थी अधिक भरवशाचा ठरतो. १९१३ ची हकीकत ज्याने वाचली आहे, तो रोकडीचे महत्त्व सहसा विसरत नाही.

ग्राहकाचे तीन प्रश्न

हे शास्त्र विद्यापीठात जाऊनच शिकले पाहिजे असे नाही. त्याचे सार प्रत्येक ग्राहक आपल्या व्यवहारात आणू शकतो. कोणत्याही योजनेत पैसे गुंतवण्यापूर्वी त्याने तीन प्रश्न विचारावेत. महागाई वजा जाता खरा परतावा किती? योजना फसली तर नुकसान कोणाचे, आणि माझे उरलेले पैसे त्याच कारणाने बुडतील काय? आणि जी व्यक्ती ही योजना सुचवत आहे, तिला ठाऊक असलेले पण मला ठाऊक नसलेले असे काय आहे? पहिला प्रश्न काळाचा, दुसरा जोखमीचा आणि तिसरा माहितीचा. या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर आकर्षक व्याजदराच्या मोहापासून दूर राहणेच श्रेयस्कर.

म्हैसूरमध्ये आज नोटांचा छापखाना आहे. रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या, १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीतर्फे तो चालवला जातो. तेथून बाहेर पडणाऱ्या नोटेवर धारकास तितकी रक्कम अदा करण्याचे गव्हर्नरांचे वचन असते. कागद आणि शाई यांना मोल येते ते त्या वचनामुळे. ठेवीच्या पावतीचेही तसेच आहे. ते वचन पाळता यावे यासाठी बँकेने किती रोकड राखावी, कोणाला कर्ज द्यावे आणि कोणती जोखीम नाकारावी, याचे उत्तर काउंटरपलीकडील अधिकाऱ्याला दररोज शोधावे लागते. वित्तीय अर्थशास्त्राच्या अध्ययनाने ते उत्तर अधिक डोळसपणे शोधता येते, आणि ठेवीदाराने मनातच ठेवलेल्या त्या दुसऱ्या प्रश्नाला त्याने न विचारताही समाधान लाभते.